तांबे मॅडमची काळी-पांढरी डुकरं

तांबे मॅडम बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. नवीन माणूस गोंधळून जायचा. ओठाला काही लागलंय का म्हणून हात फिरवायचा. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की मनावर घेऊ नका, त्या जिभेवर काम करतात.

उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो, तिथे त्या प्राणिशास्त्राच्या प्रमुख होत्या. बुटक्या, केस आखूड कापलेले, अंगावर सुती साडी आणि खांद्याला रेक्झिनची मोठी पिशवी. त्या पिशवीत पेपरांचे गठ्ठे असतील असं वाटायचं. असायचे रबरी बूट. दुपारची लेक्चरं संपली की त्या पिशवी उचलून खरवईला जायच्या. बदलापूरच्या कडेला, नव्या इमारती उभ्या राहत होत्या त्यांच्या पलीकडे, एका शेतकऱ्याची जागा भाड्याने घेऊन त्यांनी पत्र्याची शेड घातली होती. त्या शेडमध्ये त्यांची डुकरं होती. काही गावठी काळी, काही विलायती पांढरी.

प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा सांगितला तो कॅन्टीनमध्ये, माझ्या बटाटेवड्याकडे बघत.

"भोईर सर, हा वडा तेलकट आहे हे तुम्हाला कशानं कळलं?"

"हाताला लागलं म्हणून."

"डोळे मिटून, कुणी भरवला असता तर?"

मी म्हटलं, चवीनं कळलं असतं. त्या खूश झाल्या. तेलाला चव असते का, यावरच त्यांचं सगळं काम होतं. जसं गोड ओळखायला जिभेवर सोय आहे, तशी स्निग्ध ओळखायलाही आहे, आणि तशीच ती आतड्यातही आहे. आतडं तेल ओळखतं आणि मेंदूला कळवतं की पुरे आता. ही सोय करणारे जनुक प्रत्येकाचे सारखे नसतात. माणसामाणसांत फरक, डुकरांच्या जातीजातींत त्याहून जास्त. गावठी काळं डुक्कर थोडक्यावर जगतं आणि अंगावर चरबी धरतं. पांढरं भरपूर खातं आणि मांस धरतं. हा फरक नुसता पचनाचा, की ओळखण्याचाही, हे त्यांना हवं होतं. त्यांना रक्तातली चरबी तपासून देणारा कुणीतरी पाहिजे होता. मी हो म्हटलं. का म्हटलं ते आता आठवत नाही. बहुधा नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

कॉलेजात या कामाचं कौतुक नव्हतं. एकदा स्टाफरूममध्ये आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक चहा ढवळत म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे मॅडम, पण डुकरंच का? दुसरं काही मिळालं नाही?"

आवाज साधा होता. पण मॅडमच्या घरी दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या 'डुकरंच का'मध्ये काय काय भरलेलं होतं तेही सगळ्यांना कळलं. कुणी मान वर केली नाही. मीही नाही.

मॅडम त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "कारण उंदीर तुमच्यासारखा जेवत नाही सर. डुक्कर जेवतं. पोट जवळजवळ सारखं असतं."

मग त्यांनी स्वतःचा चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि लेक्चरला गेल्या. चिडल्या का, हे मला कळलं नाही. त्यांचं कधीच कळायचं नाही.

वाधवानी मॅडमचं वेगळं होतं. त्या कॉमर्सच्या, सिंधी, उल्हासनगरच्याच कॅम्प चारमध्ये राहणाऱ्या, कांदाही मोजून खाणाऱ्या शाकाहारी. त्या उघड तोंड वाकडं करायच्या. "तांबे, तू हाथ धोके आयी ना? साबण लगाया?" असं रोज विचारायच्या आणि मगच डबा उघडायच्या. एक दिवस तांबे मॅडमनी स्टाफरूममध्ये दुधाचे छोटे कप मांडले. काहींत साय काढलेलं दूध, काहींत थोडी साय घोटून घातलेली, सगळं थंड, एकसारखं. नाक चिमटीत धरायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं. प्राचार्य चुकले. मी चुकलो. ते ज्येष्ठ प्राध्यापक तर प्रत्येक कपाला 'साय आहे' म्हणाले. वाधवानी मॅडमनी मात्र एकामागून एक सगळे बरोबर सांगितले. शेवटचा कप खाली ठेवून त्यांनी नाक सोडलं आणि म्हणाल्या, "माझी सासू बोलते की मला घी समजत नाही! तांबे, लिखके दे मुझे!"

तांबे मॅडमनी खरंच लिहून दिलं, डिपार्टमेंटचा शिक्का मारून. तेव्हापासून वाधवानी मॅडमचं साबणाचं विचारणं बंद झालं नाही, पण डबा त्या तांबे मॅडमच्या शेजारी बसून उघडायला लागल्या.

शेडमध्ये मॅडम निराळ्या असत. वर्गात सगळ्या मुलांना 'ए, तू' असं चालायचं. डुकरांना मात्र 'अहो'. "अहो, सरका जरा." "बाई, तोंड उघडा." मादी असली की बाई, नर असला की राव. कानाला नंबराचे बिल्ले होते, नावं कुणालाच नव्हती. उकडलेलं रताळं दाखवलं की डुक्कर तोंड उघडायचं, आणि तेवढ्यात मॅडम कापसाची काडी जिभेवरून फिरवून घ्यायच्या. त्या काडीवर जनुकांपुरतं पुरेसं काही येतं. मी रक्ताच्या नळ्या घेऊन मागे उभा असायचो.

दोन कुंड्यांची परीक्षा त्यांना फार आवडायची. दोन्हींत भिजवलेला कोंडा, एकीत किंचित तेल. वासाने फसू नये म्हणून दोन्हींत एकच वास घातलेला. पांढऱ्यांना तेलाची कुंडी तेल बरंच वाढवल्यावरच सापडायची. काळ्यांना मात्र तेल नावाला असलं तरी सापडायची. पण गंमत पुढे होती. पांढरी लवकर थांबायची. काळी थांबतच नव्हती.

"आधी ओळखतात आणि उशिरा थांबतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे जीभ तल्लख आणि आतडं बेफिकीर. एकाच जनुकाची दोन ठिकाणी दोन रूपं असतील का हो सर?"

"बघायचं कसं?"

"बघायचं तर जीभ आणि आतडं कापून बघायला लागेल." त्यांनी रिकामी कुंडी उचलून बाजूला ठेवली. "आत्ता नाही. काळी-पांढरी एकत्र करून जी पिल्लं झालीत, त्यांची पिल्लं होऊ देत. नातवंडांत कुठला जनुक कुणाकडे गेला ते कळतं. तोपर्यंत मारायचं कारण नाही."

ते वाट पाहणं वर्षानुवर्षांचं होतं. पुढच्या इमारतींत लोक राहायला आले, वासाच्या तक्रारी सुरू झाल्या. मॅडम तक्रार करणाऱ्यांना शेडमध्ये बोलवून धुतलेली फरशी दाखवायच्या. काही येऊन जायचे, काही गेटवरूनच परत जायचे. मधल्या काळात मॅडमची आई गेली. त्या एकट्या राहायला लागल्या. काम चालू राहिलं. शेवटी नातवंडं जन्मली, ठिपक्यांची, पट्ट्यांची, एक तर अर्धं काळं अर्धं पांढरं. मॅडमनी शेडबाहेर खुर्ची टाकून मला पेढा दिला आणि मी तो खाताना माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.

त्यांच्या काळ्या डुकरांचं मूळ शेवंताबाईंकडचं होतं. खरवईच्या दुसऱ्या अंगाला नाल्याजवळच्या वस्तीत शेवंताबाई डुकरं पाळायच्या. घर त्याच्यावरच चालायचं. पहिली काळी मादी मॅडमनी त्यांच्याकडून आणली होती, आणि बदल्यात त्यांच्या जनावरांचं दुखलंखुपलं बघायच्या. पशुवैद्यकाची पदवी मॅडमनी प्राणिशास्त्राच्या आधीच घेतलेली होती. शेवंताबाई त्यांना 'डॉक्टरीणबाय' म्हणायच्या.

एका सकाळी शेवंताबाईंचा फोन आला तेव्हा मी मॅडमसोबत होतो. आम्ही दोघं वस्तीवर गेलो. एक मादी मेलेली होती, दुसरी कुशीवर पडलेली. मॅडमनी वाकून तिचा कान उलटा केला. कान जांभळा झाला होता. पोटाची कातडीही जांभळट. मॅडमनी ताप बघितला, हात धुतले, परत धुतले, बूट औषधात बुडवले.

"काय झालंय?" शेवंताबाईंनी विचारलं.

"डुकरांचा ताप आहे. आफ्रिकेतला म्हणतात तो. माणसाला होत नाही. पण याच्यावर औषध नाही."

"बाकीची चांगली हाईत ना?"

मॅडम बाकीच्या डुकरांकडे बघत होत्या. शेवंताबाईंचा मुलगा मागे उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, जी बरी आहेत ती आत्ताच टेम्पोत घालून कर्जतला मामाकडे नेतो. कोणाला कळणार पण नाही."

"नाही. तिकडची पण मरतील. त्यांच्या शेजाऱ्यांची पण. कुठेच न्यायची नाहीत."

"मग काय करायचं? बसून बघायचं?"

मॅडम रस्त्यावर आल्या, माझ्या स्कूटरजवळ उभ्या राहिल्या आणि पिशवीतून फोन काढला. कायदा मलाही ठाऊक होता. असा आजार दिसला तर पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. तपासणीत तो निघाला तर त्या जागेपासून ठरावीक अंतरातली सगळी डुकरं मारायची, आजारी असोत नसोत. आमची शेड त्या अंतरात येत होती. तिथून पत्रा दिसत होता.

मी म्हटलं, "मॅडम, आपलीही जातील."

"हो."

"एक दिवस थांबून बघू. कदाचित दुसरं काही असेल."

"मी कान बघितला सर," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नंबर लावला.

शेवंताबाई दारात येऊन ऐकत होत्या. बोलणं संपल्यावर त्या पुढे आल्या. "तुमीच फोन केलात?"

"हो, मीच."

"तुमचा पगार चालूच राहील बाय. आमी काय करायचा?"

मॅडम त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं काहीतरी बोलतील, सरकार भरपाई देतं वगैरे. ते खरंही होतं. पण त्यांनी फोन पिशवीत ठेवला, आणि शेवंताबाई आत गेल्या.

नमुने लांबच्या प्रयोगशाळेत गेले. निकाल यायच्या आत शेवंताबाईंची आणखी डुकरं मेली. आमच्या शेडमधलं एकही आजारी पडलं नाही. ती रोजच्यासारखी कुंड्यांवर धावत होती. मॅडम रोज तेल कालवून देत होत्या, परीक्षा नसतानाही, दोन्ही कुंड्यांत.

निकाल आला, तोच होता.

तो दिवस मला आठवतो तो आवाज बंद केल्यासारखा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सूटमधली माणसं. जेसीबीने खणलेला खड्डा, शेजारी चुन्याच्या गोणी. समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती, काहींच्या हातात मोबाइल होते. आदल्या दिवशी वस्तीवरचं काम झालं होतं. तिथे फार आरडाओरडा झाला असं ऐकलं. आमच्याकडे काहीच झालं नाही. मॅडमनी सूट घालायला मागितला. खात्याचे तरुण डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेर बसा, आमची माणसं पकडतील."

"पकडायला नको. माझ्याजवळ येतात."

आणि ती आली. मॅडम एकेकाला हाक मारत होत्या, रताळं दाखवत होत्या. "बाई, या. अहो, सरका जरा. राव, तुम्ही नंतर." डुक्कर तोंड उघडायचं, रताळं चावायचं, आणि मागून इंजेक्शन. तोंडातलं रताळं कधी पूर्ण चावून व्हायचं, कधी नाही. मी कानाचे बिल्ले वाचून मोठ्याने सांगत होतो, कारण कुणीतरी सांगायला पाहिजे होते. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. मॅडमचा आवाज मात्र रोजचाच होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या पिल्लाला त्यांनी उचलून मांडीवर घेतलं, कारण ते अजून रताळं खात नव्हतं.

सगळी ओळीने पडली होती. तेव्हा ते तरुण डॉक्टर माझ्या देखत मॅडमजवळ आले. त्यांनी कुठेतरी मॅडमचं व्याख्यान ऐकलेलं होतं, काम काय आहे हे त्यांना माहीत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, खड्ड्यात टाकायला अजून थोडा वेळ आहे. तुम्हाला जिभा आणि आतडी पाहिजे असतील तर... मी तिकडे चुन्याचं बघतो. मी काही बघितलं नाही."

ज्यासाठी इतकी वर्षं थांबलो ते सगळं समोर पडलेलं होतं. आजी, आई, नातवंडं, तिन्ही पिढ्या, एकाच वयाच्या नव्हत्या पण एकाच वेळी हाताशी होत्या. यापुढे कधीच मिळणार नव्हत्या. माझ्या पेटीत बर्फ होता. मी मॅडमकडे बघितलं. मला त्यांनी हो म्हणावं असं वाटत होतं. खरं सांगायचं तर, मला त्या दिवसभरात वाटलेली तेवढी एकच गोष्ट.

मॅडमनी ओळीकडे बघितलं. बराच वेळ.

"नको," त्या म्हणाल्या. "कापलं की रक्त सांडेल. रक्तातूनच पसरतं."

"पण तुमची निरोगी आहेत मॅडम."

"निरोगी दिसतात. अजून तपासलेली नाहीत." मग त्या म्हणाल्या, "शेवंताबाईच्या मुलाला मी टेम्पो नको म्हटलं होतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि जेसीबीवाल्याला हात केला.

सूट काढून, हातपाय धुऊन आम्ही बाहेर आलो. रस्त्यावरच्या टपरीवर चहा प्यायलो. चहावाल्याने विचारलं, "आज तिकडे काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या, "काम होतं." मग त्या रिक्षाने बदलापूरला गेल्या आणि मी स्कूटरने अंबरनाथला. घरी बायकोने विचारलं, जेवणार का. मी जेवलो. नेहमीएवढं जेवलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात बेडकाची उत्सर्जन संस्था शिकवली. मी दारावरून जाताना ऐकलं. फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती होती, नावं सुबक अक्षरात. मुलांना काही कळलं नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलेलं होतं, म्हणून सगळे एकाच वेळी पेपर तपासत बसले होते. वाधवानी मॅडम आल्या, डबा उघडला, दाल पकवान काढलं आणि अर्धं तांबे मॅडमच्या पुढे सरकवलं. साबणाचं विचारलं नाही.

"खा ले," एवढंच म्हणाल्या.

तांबे मॅडमनी खाल्लं. त्या खात होत्या आणि वाधवानी मॅडम त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

नंतरचं वर्ष कसं गेलं त्याचं मला फारसं सांगता येत नाही, कारण काही घडलं नाही. शेड धुतली, औषध मारलं, जागा मालकाला परत दिली. आता तिथे एका इमारतीची पार्किंगची जागा आहे. भरपाईच्या कामासाठी मॅडम शेवंताबाईंबरोबर दोन-तीन ऑफिसांत जाऊन बसल्या. शेवंताबाई बाकाच्या एका टोकाला, मॅडम दुसऱ्या. साहेबाने हाक मारली की दोघी उठायच्या, कागद देऊन परत बसायच्या. पैसे मिळाल्यावर शेवंताबाई मुलाबरोबर भिवंडीला राहायला गेल्या. जाताना त्यांनी मॅडमला कळवलं नाही.

जिभेवरच्या त्या कापसाच्या काड्यांतून काढलेलं जे काही होतं, ते अजून फ्रीझरमध्ये होतं. त्यातून कुणाकडे कुठला जनुक आहे ते कळलं असतं, पण तो जनुक जिभेवर काय करतो आणि आतड्यात काय करतो हे कळलं नसतं. बाहेरच्या राज्यातल्या एका संशोधकाने ते मागितलं. मॅडमनी सगळं पाठवून दिलं. मी विचारलं, "पुढे काय झालं ते विचारणार ना?"

"त्यांना वाटलं तर सांगतील," त्या म्हणाल्या.

निवृत्तीच्या समारंभात त्या दोनच वाक्यं बोलल्या. सगळ्यांचे आभार मानले, आणि प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या नळाची गळती दुरुस्त करून घ्या म्हणाल्या. ज्येष्ठ प्राध्यापकांनी शाल घातली. मॅडमनी घालून घेतली.

त्यानंतर भेटी कमी झाल्या. फोन केला तर उचलायच्या, तब्येत बरी आहे म्हणायच्या, माझ्या मुलीची चौकशी करायच्या. त्यांना दुःख झालं होतं का, असं मला लोक विचारतात. असणार. मला दिसलं नाही. माझं मलाही दिसलं नाही.

शेवटचं बघितलं ते गेल्या वर्षी. उल्हासनगरमध्ये वालधुनी नदीवरच्या पुलावर दुपारी गर्दी तुंबली होती, मी स्कूटरवर अडकलो होतो. पलीकडच्या कठड्याशी तांबे मॅडम उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी. त्या खाली बघत होत्या. मी मान उंच करून बघितलं. खाली काळ्या पाण्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या ढिगात, एक काळी मादी आडवी पडली होती आणि पिल्लं तिला लुचत होती. कुणाची होती, कुठून आली होती, कोण जाणे. त्या तापानंतर या भागात डुक्कर दिसलंच नव्हतं.

मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. हॉर्न इतके वाजत होते की ऐकू गेली नसती, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. मॅडमचा चेहरा मला एका बाजूने दिसत होता. त्यावर काही नव्हतं. एक बाई पोराला कडेवर घेऊन चालली होती, ती थांबली आणि कठड्यावरून वाकून तिनेही खाली पाहिलं.

"क्या हुआ आंटी? कुछ गिर गया क्या?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "काही पडलं नाही."

ती बाई निघून गेली. माझ्या पुढची रिक्षा हलली, मागचा ओरडायला लागला, मला निघावं लागलं. पुलाच्या टोकाला पोचून मी वळून बघितलं. त्या तिथेच उभ्या होत्या.